रात्रीत एका कोपऱ्यावर बसणारी गाडी: एअर सस्पेन्शनचं दुखणं कसं शोधायचं

रात्री सरळ लावलेली गाडी सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली असते. चाक मडगार्डच्या आत शिरलेलं, मध्ये दोन बोटंही जात नाहीत. इंजिन चालू केलं की खालून कुठूनतरी घर्रर्र आवाज येतो, मिनिटभरात गाडी उठते आणि दिवसभर काही तक्रार राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. कोल्हापुरात गाड्यांच्या इलेक्ट्रिकल आणि सस्पेन्शनच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. त्यात हा एकच दोष मी सगळ्यांत जास्त वेळा उघडून बघितला आहे, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण तिथंच लोकांचे सगळ्यांत जास्त पैसे वाया जातात. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांचा कंप्रेसर, म्हणजे सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा पंप, आधीच एकदा बदललेला असतो. कंप्रेसर जळतो हे खरं, पण तो आपण होऊन क्वचितच जळतो. कुठंतरी बारीक लीकेज असतं, गेलेली हवा भरून काढायला तो नको तितका चालतो आणि शेवटी बसतो. लीकेज तसंच ठेवून नवा कंप्रेसर घातला की तोही काही महिन्यांत त्याच वाटेनं जातो. म्हणून कंप्रेसर बंद पडलेला दिसला तरी आधी लीकेज शोधा.

शब्दांचा घोळ नको म्हणून आणखी एक. सस्पेन्शनच्या हवेच्या पिशवीलाही लोक एअर बॅग म्हणतात आणि अपघातात फुगते तिलाही. इथं मी सस्पेन्शनच्या पिशवीला बलून म्हणतो, आमच्याकडे मिस्त्री तसंच म्हणतात.

लक्षणं

- एकच कोपरा रात्रीत बसतो, गाडी चालू केली की उठतो. त्या कोपऱ्याच्या बलूनला किंवा त्याच्या वरच्या जोडाला लीकेज असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त.
- पुढची किंवा मागची दोन्ही चाकं एकदम बसतात. इथं घाई करू नका, याचं कारण पुढे मोजमापात सांगतो.
- गाडी उठतच नाही आणि कंप्रेसरचा आवाजही नाही. फ्यूज, रिले (कंप्रेसरचा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरी, किंवा कंप्रेसर तापला म्हणून कंट्रोल युनिटनं, म्हणजे सस्पेन्शनच्या कॉम्प्युटरनं, तो बंद ठेवलेला.
- आवाज येतो, पण गाडी उठायला फार वेळ लागतो. मोठं लीकेज तरी आहे किंवा कंप्रेसर दमलाय.
- एक कोपरा कायम उंच, किंवा गाडी तिरपी. हवा टिकून आहे, उंचीची बातमी चुकीची जातेय. सेन्सर किंवा त्याची दांडी बघायची.
- थोडं चालल्यावर पिवळा दिवा लागतो, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातो. बहुतेक वेळा कंप्रेसर मर्यादेपेक्षा जास्त चालल्याची ही खूण असते.
- पुढच्या टायरची आतली कड लवकर झिजते. गाडी नेहमीपेक्षा खाली चालत असेल तर चाकं वरून आत कलतात. अलाइनमेंट दोनदा करूनही झीज थांबत नसेल तर आधी उंची मोजा.

आत काय चालतं, थोडक्यात

स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी रबराचा बलून असतो. बऱ्याच गाड्यांत प्रत्येक कोपऱ्यावर उंची मोजणारा एक हाइट सेन्सर असतो आणि तो एका बारीक दांडीनं सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. आर्म वर-खाली झाला की दांडी सेन्सरचा हात फिरवते आणि कंट्रोल युनिटला उंची कळते. उंची कमी असेल तर कंप्रेसर किंवा साठवणीच्या टाकीतून हवा येते, व्हॉल्व्ह ब्लॉक ती हव्या त्या बलूनकडे सोडतो. उंची जास्त झाली की त्याच ब्लॉकमधून हवा बाहेर जाते. मोठ्या बसवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल: तिथं लेव्हलिंग व्हॉल्व्हची दांडी थेट हवा उघडते आणि बंद करते, इथं दांडी फक्त बातमी देते आणि हवेचा निर्णय कॉम्प्युटर घेतो.

कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन घेऊन आलेली सुरुवातीची एक गाडी म्हणजे अमेरिकेतली १९८४ ची लिंकन काँटिनेंटल मार्क सेव्हन. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये ते १९९८ पासून आहे. तेव्हापासून सेन्सर सुधारले, बलून आणि शॉकअप एकत्र आले, पण मूळ मांडणी तीच राहिली. त्यामुळे खालच्या तपासण्या जवळजवळ कुठल्याही कंपनीच्या गाडीला लागू पडतात. काही गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांनाच बलून असतात, त्यांचं काम निम्म्यात होतं.

पहिलं: काही न उघडता

गाडी सपाट जागेवर लावा, सामान उतरवा, सगळे दरवाजे आणि डिकी बंद करा. बऱ्याच गाड्या दरवाजा उघडा असला की लेव्हलिंग, म्हणजे उंची सारखी करणं, थांबवतात. चाक बदलण्यासाठी जॅक मोड असतो, तो कुणी चालू करून विसरलं असेल तर गाडी उठणारही नाही आणि बसणारही नाही. टायर पंक्चर काढून आणल्यावर 'सस्पेन्शन बिघडलं' म्हणून आलेल्या गाड्या मी निव्वळ हा मोड बंद करून परत पाठवल्या आहेत.

जागेवरून आठवलं. कोकणातून एक काका आले होते, गाडी पुढून उजवीकडे उंच दिसते म्हणून. दुसरीकडे त्यांना पुढचे दोन्ही बलून बदलायला सांगितलं होतं. गाडी माझ्याकडे दुपारभर उभी राहिली आणि अगदी सरळ होती. मी विचारलं, "काका, घरी गाडी लावता कुठं?" म्हणाले, "अंगणात. जागा अरुंद आहे, एक चाक चिऱ्याच्या पायरीवर चढवायला लागतं." तिथंच उत्तर मिळालं. पायरीवर उभी असताना गाडी स्वतःला सरळ करू बघायची, आणि सकाळी खाली उतरली की पहिल्या काही मिनिटांत तिरपी दिसायची. त्यांनी पायरीशेजारी भर घालून जागा सपाट केली, बलून आजही तेच आहेत.

दुसरं: बॅटरी, फ्यूज, रिले

साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. कंप्रेसर हा गाडीतल्या सगळ्यांत जास्त करंट खाणाऱ्या भागांपैकी एक आहे. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट इंजिन चालू राहावं म्हणून आधी कंप्रेसर तोडतं. त्यामुळे दमलेली बॅटरी सस्पेन्शनचा दोष म्हणून समोर येते. बॅटरी संशयास्पद असेल तर तीच आधी, बाकी सगळं नंतर.

फ्यूज बघताना एक चूक हमखास होते. कंप्रेसरचा मोठा फ्यूज, बऱ्याच गाड्यांत ४० अँपिअरचा, वेगळा असतो आणि कंट्रोल युनिटचा छोटा फ्यूज वेगळा. दोन्ही बघा. मोठा फ्यूज उडाला असेल तर नवा एकदाच घालून बघा. तोही उडाला तर कंप्रेसर जाम आहे किंवा वायर कुठं तरी बॉडीला लागतेय. तिथं जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका, वायर पेट घेते.

रिलेकडे लोक लक्षच देत नाहीत. तो काहीशे रुपयांचा असतो, पण त्याचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद असतानाही कंप्रेसर चालू राहतो आणि जळेपर्यंत थांबत नाही. गाडी लॉक करून दहा मिनिटांनी कंप्रेसरच्या जागेजवळ कान द्या. आवाज येत असेल तर त्याच क्षणी फ्यूज ओढा. रिले काढून त्याच्या पायांचा रंग बघा: निळसर, काळपट किंवा प्लास्टिक वितळलेलं असेल तर तो गेला. नव्या कंप्रेसरच्या खोक्यात अनेकदा नवा रिलेही येतो. तो बाजूला पडून राहिलेला मी बघितलाय आणि नवा कोरा कंप्रेसर जुन्या रिलेनं जळालेलाही बघितलाय. खोक्यात रिले आला असेल तर तो बसवाच.

उंदरांचं नाव इथं घ्यायलाच हवं. पावसाळ्यात ते इंजिनखाली ऊब शोधत येतात आणि वायर कुरतडतात. चाकाच्या आतल्या प्लास्टिकमागे जाणाऱ्या सेन्सरच्या वायरींवरून टॉर्च फिरवा.

तिसरं: टेप आणि वही

मला विचाराल तर ही तपासणी सगळ्यांत मोलाची आहे, आणि तिला काहीही खर्च नाही. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उभी उंची चारही ठिकाणी मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आणि जमिनीचा उतार त्यात मिसळतो. आकडे मिलिमीटरमध्ये लिहा.

आता युक्ती. बऱ्याच गाड्यांत कंट्रोल युनिट गाडी लॉक केल्यावरही अधूनमधून जागं होतं आणि चारही कोपरे तपासतं. एक कोपरा खाली गेलेला दिसला की गाडी तिरपी राहू नये म्हणून ते बाकीचे कोपरेही उतरवतं. सकाळी तुम्हाला चारही बाजू बसलेल्या दिसतात आणि खरा चोर त्यात लपून राहतो. पुढची दोन्ही चाकं एकत्र बसतात तेव्हा घाई करू नका म्हणालो, ते याचसाठी. म्हणून संध्याकाळी गाडी नेहमीच्या उंचीवर आणा, आकडे घ्या, गाडी बंद करून कंट्रोल युनिट झोपायला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि मग सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचा फ्यूज काढा. करंट नसला की व्हॉल्व्ह बंदच राहतात, प्रत्येक बलून आपापली हवा धरून ठेवतो. सकाळी फ्यूज घालण्याआधी पुन्हा मोजा. फ्यूज काढून गाडी मात्र चालवू नका.

माझ्या वहीतलं एका गाडीचं पान असं आहे: रात्री पुढे डावा ४५२, पुढे उजवा ४५०, मागे डावा ४६१, मागे उजवा ४६०. सकाळी ४४८, ४१९, ४५७, ४५६. मालकाची तक्रार होती की पुढची दोन्ही चाकं बसतात. फ्यूज काढल्यावर कळलं की दोष फक्त उजव्याचा होता.

बाकी तीन कोपरे ४ मिलिमीटरनी उतरले त्याचं काय? ते ठीक आहे. हवा थंड झाली की आकसते. दिवसा ३५ आणि पहाटे १८ अंश असेल तर तेवढ्याच दाबाला हवेचं आकारमान साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होतं. चारही कोपरे सारखेच थोडे उतरले असतील तर त्याला लीकेज म्हणू नका. एखादा कोपरा बाकीच्यांपेक्षा वेगळा वागतोय का, एवढंच बघायचं.

चौथं: साबणाचं पाणी

झाडांना पाणी मारायची फवारणीची बाटली, पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड. गाडी सगळ्यांत उंच मोडला न्या, स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढचा बलून चाकामागून दिसतो. हात घालायचे ते मडगार्डच्या उघड्या बाजूनं. गाडीखाली आडवं व्हायचं नाही. बलूनच्या भरवशावर उभी असलेली गाडी कुठल्याही क्षणी खाली येऊ शकते, आणि येताना ती आवाज करत नाही.

कुठं मारायचं ते सांगतो. बलून खालच्या बाजूला स्वतःवर उलटा वळतो, तिथं रबराची घडी असते. गाडी हलली की ही घडी वर-खाली सरकते आणि रबर वर्षानुवर्षं तिथंच वाकत राहतं. भेगा पडतात त्या याच पट्ट्यात. लाल माती, वाळूचे कण घडीत अडकले की आतून कानशीसारखे घासतात. आंबा घाटातून आणि गगनबावड्याकडून पावसाळाभर ये-जा करणाऱ्या गाड्यांच्या घडीत मला चमचाभर गाळ मिळतो.

वर पान सांगितलं त्याच गाडीला मी पाणी मारलं तेव्हा पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही. उंच मोडला घडी सरकलेली होती, भेग बंद होती. गाडी एक टप्पा खाली घेतली, पुन्हा फवारलं आणि टॉर्च धरून बसलो. घडीच्या आतल्या बाजूला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला नाही, त्याच्या शेजारी दुसरा आला, आणि दोन मिनिटांत तिथं साबूदाण्यासारखा पांढरा पुंजका जमला. फूस आवाज नाही, काही नाही. एवढ्याशा भेगेतून रात्रभरात गाडी ३१ मिलिमीटर उतरत होती. म्हणून एकाच उंचीवर बघून 'बलून चांगला आहे' असं ठरवू नका. उंच, मधली आणि खालची, तिन्ही उंचीवर बघा आणि प्रत्येक वेळी निदान पाच मिनिटं द्या.

बलूननंतर त्याच्या डोक्यावरचा नळीचा जोड, मग व्हॉल्व्ह ब्लॉकवरचे जोड, मग टाकी. जोडात बुडबुडे दिसले तरी पाना लावू नका. ती नळी दाबाखाली असते, आणि दाब उतरवल्याशिवाय जोड सैल केला तर नळी हातातून उसळते. दाब स्कॅनरनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या तपासणी यंत्रानं, उतरवायचा असतो. उतरवल्यावर नळीचं टोक धारदार ब्लेडनं सरळ कापून नवा जोड बसवला की पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं. जुनाच जोड पुन्हा दाबून बसवला तर तो पुन्हा गळतो. काम झालं की साबण स्वच्छ पाण्यानं धुऊन टाका.

एक विनंती. पावसाळ्यापूर्वी गाडीखाली डिझेल किंवा जुनं ऑइल फवारून घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. स्टीलच्या स्प्रिंगच्या गाडीला ते चालून जात असेल, बलूनच्या गाडीला करू नका. डिझेलनं बलूनचं रबर फुगतं आणि मऊ पडतं.

पाचवं: सेन्सर आणि त्याची दांडी

हवा टिकतेय पण गाडी तिरपी आहे, अशा वेळी इथं यायचं. दांडी बोटाएवढी असते, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट. एका बाजूचा जॉइंट सुटला किंवा गंजून अडकला की सेन्सरचा हात हलत नाही. कंट्रोल युनिटला वाटतं कोपरा खालीच आहे, म्हणून ते हवा भरत राहतं आणि कोपरा वर जातो. उलटही होतं. दांडी तारेनं किंवा केबल टायनं बांधलेली दिसली तर समजा कुणीतरी आधी हात घातलाय. थोडी लांब-आखूड झालेली दांडीही चालत नाही, तिच्या लांबीवरच उंची ठरते.

दांडी ठीक असेल तर कपलर (वायरचा प्लग) काढून आत बघा. हिरवट पूड म्हणजे पाणी शिरून पिना गंजल्या. बहुतेक सेन्सरना ५ व्होल्टचा सप्लाय येतो आणि सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टमध्ये फिरतो. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून दुसऱ्यानं गाडीचा कोपरा दाबावा, आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर बदलायचा. सेन्सर बदलला की कॅलिब्रेशन, म्हणजे खरी उंची कंट्रोल युनिटला नव्यानं शिकवणं, करावंच लागतं, त्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नका. काही गाड्यांत हेडलाइटचा झोतही याच सेन्सरांवर ठरतो, आणि चुकलेल्या उंचीची गाडी रात्री समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश मारते.

सहावं: कंप्रेसर आणि ड्रायर

आता इथं आलात तर कंप्रेसरवर संशय घ्यायला हरकत नाही. आधी त्याचा हवा ओढायचा फिल्टर बघा. तो मातीनं गच्च असेल तर चांगला कंप्रेसरही धापा टाकतो. करंट क्लॅम्पनं (वायरभोवती लावायच्या चिमट्याच्या मीटरनं) मोजता आला तर उत्तम: चालू असताना साधारण २० ते ३० अँपिअर, गाडीगणिक थोडा फरक. करंट जातोय आणि हवा नाही, याचा अर्थ पिस्टनची रिंग झिजली किंवा आत जाम आहे. करंटच नाही आणि कपलरपर्यंत सप्लाय मात्र येतोय, म्हणजे मोटर गेली.

ड्रायरबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण लीकेजनं कंप्रेसर कसा मरतो ते त्याच्यातच दिसतं. कंप्रेसरच्या तोंडाशी एक डबी असते, तिच्यात ओल शोषणारे बारीक मणी. बाहेरची दमट हवा त्यातून कोरडी होऊन आत जाते. गाडी उतरते तेव्हा तीच कोरडी हवा उलट्या दिशेनं ड्रायरमधून बाहेर पडते आणि मण्यांतली ओल घेऊन जाते. म्हणजे मणी रोज भिजतात आणि रोज सुकतात. पण लीकेज असेल तर हवा बलूनमधून परस्पर निघून जाते, ड्रायरकडे परत येतच नाही. मणी भिजतच राहतात. आपल्या पावसाळ्यात तर ते फार लवकर तुडुंब होतात. मग पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातं, मण्यांची पूड होऊन तीही जाते, आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. एका गाडीचा ड्रायर उघडला तर मणी सुटे पडायच्या ऐवजी ओल्या चुन्यासारखा गोळा बाहेर आला. त्या गाडीचा मूळ दोष होता एका जोडातला बारीकसा बुडबुडा, दोन वर्षं कुणी न बघितलेला. जोडाचं काम तासाभराचं होतं. खर्च झाला कंप्रेसर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक, तिन्हींचा.

म्हणून नवा कंप्रेसर बसवताना ड्रायर नवाच घ्या. रिंगचा किट मिळतो आणि तो मी वापरतो, पण सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवून बघतो. नख अडकलं तर किटवर पैसे घालू नयेत.

व्हॉल्व्ह ब्लॉक शेवटी ठेवलाय तो मुद्दाम. फ्यूज काढून रात्रभर मोजल्यावर एखादा कोपरा बसतोय, त्या बलूनला आणि नळीला तिन्ही उंचीवर साबणाचा एकही बुडबुडा नाही, तरच ब्लॉकमधला व्हॉल्व्ह आतल्या आत हवा सोडतोय असं मी मानतो.

बलून बदलायची वेळ आली तर

रबराला वय असतं. आठ-दहा वर्षांच्या गाडीचा एक बलून फुटला तर त्याच धुरीवरचा जोडीदारही त्याच वयाचा आहे. जमत असेल तर जोडी बदला. नवा शॉकअपसकटचा बलून मोठ्या गाड्यांना लाखाच्या घरात जातो हे मला माहीत आहे. म्हणून निदान दुसऱ्याची घडी टॉर्चनं नीट बघा आणि मग ठरवा. बसवताना एक नियम मोडायचा नाही: बलूनमध्ये हवा भरल्याशिवाय गाडीचं वजन त्याच्यावर टाकायचं नाही. रिकामा बलून वजनाखाली आला की घडी वेडीवाकडी दुमडते आणि नवा माल पहिल्याच दिवशी फाटतो.

बलून काढून साधी स्प्रिंग बसवून द्या, अशी मागणी खूप येते. मी शक्यतो नाही म्हणतो. गाडीचं वजन, ब्रेक आणि वळणावरचा तोल हे सगळं त्या सस्पेन्शनवर जुळवलेलं असतं. खर्च वाचतो, पण घाटात भरल्या वजनानं उतरताना ती गाडी पहिल्यासारखी वागत नाही.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

गाडी टायरवर टेकली असेल तर ती अजिबात चालवू नका. टायर मडगार्डच्या आत घासून फुटतो, दबलेला बलूनही फाटतो. अशी गाडी ओढून नेऊ नका, सपाट पाठीच्या ट्रकवर चढवून न्या.

गाडीखाली जायची गरज पडली तर काम तिथंच सोडा. जॅक मोड चालू करून, कंपनीनं सांगितलेल्या जागी घोडी (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावून, चाकं सुटी लोंबकळत ठेवूनच खाली जायचं असतं. ज्याच्याकडे गाडी उचलायची लिफ्ट आहे त्यानंच ते करावं. नळी, टाकी, व्हॉल्व्ह ब्लॉक उघडायचं असेल तर तेही घरचं काम नाही: बलूनमध्ये ६ ते १० बार दाब असतो, टाकीत १६ बारच्या आसपास. टायरमध्ये आपण भरतो त्याच्या कितीतरी पट.

सस्पेन्शनच्या दिव्याबरोबर एबीएस (ब्रेकची यंत्रणा), स्टिअरिंग असे दोन-तीन दिवे एकदम लागले तर बलूनच्या मागे लागू नका. तो बहुतेक वेळा वायरिंगचा, अर्थिंगचा किंवा कंट्रोल युनिटमधल्या संपर्काचा प्रश्न असतो आणि त्याला त्या कंपनीचा स्कॅनर असलेला माणूसच लागतो. कॅलिब्रेशनही त्याच्याकडेच करा. आणि त्याच्याकडे जाताना आपली वही बरोबर न्या. फ्यूज काढून घेतलेले दोन रात्रींचे आकडे दाखवलेत तर त्याला कुठून सुरुवात करायची ते लगेच कळेल, आणि 'चारही बदलून टाकू' हे वाक्य सहसा निघणार नाही.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना पैसे देण्याआधी एकदा टेप लावा, आकडे लिहून घ्या. घरी पहिल्या तीन रात्री फ्यूज काढून सकाळी मोजा. तीन सकाळी चारही कोपरे एकमेकांच्या ५ मिलिमीटरच्या आत उतरत असतील आणि सकाळी गाडी चालू केल्यावर कंप्रेसर काही सेकंदांत शांत होत असेल, तर लीकेज खरोखर सापडलं. कंप्रेसर अजूनही मिनिटभर घरघरत असेल तर गाडी त्याच आठवड्यात परत न्या, तो नवा आहे तोवरच.